मुंबई जिल्हा कुठं संपतो?

(मसुरे येथे आंगणेवाडीच्या जत्रेसाठी गावी आलेल्या गिरणी कामगारांपुढे आणि त्यांच्या वारसांपुढे केलेले भाषण)



आपल्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडर छापणाऱ्याला आधी कळत नाही. देवीचा कौल होतो, तारीख ठरते, आणि मग परळपासून पार विरार-डोंबिवलीपर्यंत निरोप फिरतो. त्या निरोपावर तुम्ही आलात. ओटी भरून झाली, दर्शन झालं. आता घटकाभर आमच्यासाठी बसा. आम्ही पुराण सांगायला उभे राहिलेलो नाही. आम्ही नकाशा सांगायला उभे आहोत.

तुम्ही म्हणाल, मुंबईचा नकाशा आम्हांला काय शिकवता? भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरल्यापासून ती मुंबई आम्ही पायांखाली घातली! कुठला भोंगा कुठल्या गिरणीचा हे झोपेत ओळखत होतो. खरं आहे. पण तुमचा नकाशा पायांचा आहे आणि सरकारचा नकाशा कागदाचा आहे. आजपर्यंत हे दोन नकाशे एकमेकांना भेटले नाहीत तरी चालत होतं. आता चालत नाही. आता घराचा प्रश्न आहे, आणि घर कागदावर मिळतं.

आमच्या वाडीतले एक आबा आहेत. नाव सांगत नाही, ते समोरच बसलेत. आबांनी लालबागच्या एका गिरणीत साचे चालवले, १९८२ चा संप काढला, संपानंतर जे थोडे परत कामावर घेतले त्यांत गेले, आणि गिरणी बंद झाली तेव्हा पिशवीत डबा नि तिकीट घालून बाहेर आले. घराच्या अर्जासाठी त्यांचे कागद घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर एका कचेरीत गेलो होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी एकेक कागद उलगडला. गिरणीच्या कागदावर पत्ता : मसुरे, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी. गावच्या सातबाऱ्यावर जिल्हा सिंधुदुर्ग. चाळीतल्या जुन्या कागदावर बृहन्मुंबई. नालासोपाऱ्याला मुलाकडे राहायला गेले तेव्हाच्या कागदावर जिल्हा ठाणे. आणि आताच्या कार्डावर, त्याच नालासोपाऱ्यातल्या त्याच खोलीचा, जिल्हा पालघर! साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे पाच जिल्ह्यांतले पाच इसम आहेत की एकच?"

आबा शांतपणे म्हणाले, "सायबा, मी एकच आसंय. जिल्हे पाच झाले."

साहेब हसले. पण अर्ज परत केला. हसून परत केलेला अर्जही परतच असतो, बंधूंनो! त्या दिवशी आम्ही ठरवलं की हा जिल्ह्यांचा घोळ एकदा आपल्या माणसांपुढे नीट उलगडून मांडायचा.

आधी जमीन समजून घेऊ. मुंबई म्हणजे मुळात सात बेटं : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. भरतीला खाडीचं पाणी मधून आत शिरायचं. अठराव्या शतकात वरळी आणि मुंबई यांच्यामधलं मोठं खिंडार बांध घालून बंद केलं, पुढे भराव पडत गेला आणि सातांचं एक बेट झालं. ज्या परळ-लोअर परळवर आपल्या गिरण्या उभ्या राहिल्या, तिथली कितीतरी जमीन अशीच सखल, भरावाची. पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली. पुढे जुन्या वस्तीच्या उत्तरेला मोकळी, स्वस्त जागा होती, शेजारून आगगाडी जात होती, बंदर जवळ होतं. म्हणून गिरण्या तिकडे सरकल्या. आपण कोकणातून तिथं गेलो ते देवाने पाठवलं म्हणून नव्हे. कापूस आणि कोळसा जिथं उतरत होता तिथंच माणूसही उतरवला गेला.

या बेटाच्या उत्तरेला माहीमची खाडी. खाडीच्या पलीकडे वांद्रे, शीवच्या पलीकडे कुर्ला. तिथून साष्टीचं मोठं बेट सुरू होतं. ते उत्तरेला वसईच्या खाडीपर्यंत आणि पूर्वेला ठाण्याच्या खाडीपर्यंत जातं. मध्ये डोंगर आणि बोरिवलीचं जंगल, त्यातच विहार नि तुळशी हे तलाव. जंगलाच्या एका अंगाला वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची वस्ती, दुसऱ्या अंगाला कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची. ही आपली उपनगरं.

शहर आणि उपनगर ही नुसती बोलण्याची पद्धत आहे असं कुणी समजू नये. २६ जुलै २००५ आठवतो ना? त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४! कुलाब्याच्या माणसाने छत्री उघडली, तेवढ्या वेळात मिठी नदीने कुर्ल्या-कलिन्याच्या घरांत माणसं बुडवली. एकाच महापालिकेच्या हद्दीत, एकाच दिवशी.

आता कारभाराकडे या. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा दक्षिण भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा पहिल्यांदा केला. नंतर महापालिकेची हद्द वाढत गेली. १९५० साली ती अंधेरी-जोगेश्वरी आणि भांडुपच्या बाजूला सरकली, १९५७ साली दहिसर-मुलुंडला भिडली, आणि सगळा मिळून बृहन्मुंबई हा एक जिल्हा झाला. मधल्या काळात, १९५६ च्या जानेवारीत, याच मुंबईला महाराष्ट्रापासून तोडून दिल्लीच्या हाताखाली देण्याची घोषणा झाली होती, हे तरुण पोरांना सांगायला हवं. तेव्हा लालबाग-परळचा कामगार रस्त्यावर आला. त्याच्या आधी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या आणि एका दिवसात १५ माणसं पडली. सगळ्या लढ्यात शंभरावर हुतात्मे झाले तेव्हा १ मे १९६० उजाडला. म्हणजे मुंबईची हद्द कुठं आणि तिचा कारभार कोणाकडे, हा प्रश्न गिरणगावाने एकदा रक्ताने सोडवला आहे. आता तोच प्रश्न शाई लावून पुन्हा समोर आला आहे, आणि आपण बेसावध आहोत.

१ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबई जिल्ह्याचे दोन भाग झाले. एक मुंबई शहर जिल्हा : कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, क्षेत्र १५७ चौरस किलोमीटर. त्याला एकही तालुका नाही! त्याची कलेक्टर कचेरी फोर्टात, जुन्या जकात घरात. दुसरा मुंबई उपनगर जिल्हा : ४४६ चौरस किलोमीटर, तालुके तीन, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. त्याची कलेक्टर कचेरी वांद्रे पूर्वेला. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा, नायगाव हे सगळं गिरणगाव शहर जिल्ह्यात आलं. पण चुनाभट्टीची स्वदेशी मिल? ती कुर्ल्याकडची, उपनगर जिल्ह्यातली. तिथं काम केलेल्याने 'मुंबई शहर' लिहिलं तर ते चूक.

मसुऱ्याच्या माणसाला कारभार म्हटला की काय आठवतं? खाली ग्रामपंचायत, मालवणला पंचायत समिती, ओरोसला जिल्हा परिषद. महाराष्ट्रात ही रचना १९६२ सालापासून चालू आहे. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत यातलं काहीही नाही. जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही, सरपंच नाही. दोन्ही जिल्ह्यांवर मिळून एकच महानगरपालिका, एकच महापालिका आयुक्त, एकच पोलीस आयुक्त. नगरसेवकांच्या जागा २२७. पण मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ एकाही निवडून आलेल्या माणसाशिवाय कारभार चालला. ज्या पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, तिथं गल्लीतल्या गटाराची तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता! आपल्या ग्रामपंचायतीत असं झालं असतं तर देवळाच्या पारावर गाव जमला असता.

मग मुंबईत कुठल्या कामाला कुठं जायचं? पाणी, कचरा, जन्म-मृत्यूचा दाखला यांसाठी वॉर्ड ऑफिस. लालबाग-परळवाल्यांचं एफ साऊथ, वरळी-लोअर परळवाल्यांचं जी साऊथ. रेशनकार्ड कलेक्टरकडे नाही, ते शिधावाटप नियंत्रकाच्या खात्याकडे. जमिनीला इथं सातबारा, तिथं मिळकत पत्रिका. जुनी उपकर भरणारी चाळ, जिला आपण 'सेस बिल्डिंग' म्हणतो, तिची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. आणि ही सोय बेटावरच्या शहरापुरतीच. खाडी ओलांडून कुर्ल्यात गेलात की तितक्याच जुन्या, तितक्याच गळक्या चाळीला ती लागू नाही. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या, त्यांचा हिशेब त्याहून वेगळा. शिवडीकडे बंदराची जमीन, तिचा मालक केंद्र सरकार. म्हणजे एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मालक आणि चार कचेऱ्या. आपला माणूस सकाळी दादरला उतरतो आणि संध्याकाळी 'इथं नाही, तिथं जा' एवढंच घेऊन परततो, याचं कारण त्याचं अडाणीपण नव्हे. कारभारच असा विणलेला आहे की उभा धागा एकाकडे आणि आडवा दुसऱ्याकडे!

आता थोडे आकडे ऐका. थोडेच देतो, पण ते महत्त्वाचे आहेत. २०११ च्या शिरगणतीत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३०,८५,४११ भरली. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, ती ३३,३८,०३१ होती. म्हणजे अडीच लाख माणसं कमी झाली. आपला सिंधुदुर्ग? २००१ साली ८,६८,८२५ आणि २०११ साली ८,४९,६५१. आपणही कमी झालो. त्या दहा वर्षांत महाराष्ट्रातले तीनच जिल्हे घटले : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. नीट ध्यानात घ्या. ज्या गावातून चाकरमानी निघाला तो जिल्हा घटला आणि ज्या गिरणगावात तो पोचला तोही घटला. दोन्ही टोकांची माणसं कमी झाली, मग माणसं गेली कुठं? उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३,५६,९६२ वर गेला. आणि ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर! देशातला सर्वांत जास्त वस्तीचा जिल्हा तेव्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ ला त्याचे तुकडे करून पालघर वेगळा काढावा लागला.

ठाण्यात कोण गेलं ते आम्ही शिरगणतीला विचारत नाही. इथं समोर बसलेल्यांनी हात वर करावेत. नालासोपारा? विरार? दिवा? डोंबिवली? बदलापूर? बघा! आणि अजून लालबाग-परळात राहणारे? ...एवढेच हात.

पूर्वी मसुऱ्याची एक खोली असायची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस-पंचवीस माणसं राहायची. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. मुंबईत ठिकाण विचारलं तर पत्ता सांगायला लागत नव्हता. "खंय रवतस?" "गावच्या खोलीत." संपलं. आता त्या खोलीची जागा मुलुखभर विखुरली आहे.

ही माणसं आपण होऊन गेली का? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, आणि तीही ऐन शहर जिल्ह्यात. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वं कलम आलं. त्याचा अर्थ आपल्या घरवाटणीसारखा सांगतो. तीन भाऊ : एक हिस्सा महापालिकेला, मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला, घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला बरं वाटतं ना? पण २००१ साली त्यात बदल झाला. गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून वगळली आणि फक्त मोकळी जमीन वाटायची ठरली. म्हणजे वाटणी झाली ती अंगणाची. घर थोरल्या भावाने आपल्याकडेच ठेवलं! लोक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ साली बदलाविरुद्ध निकाल दिला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. म्हाडाच्या वाट्याला अंगणाचा तिसरा हिस्सा आला आणि त्यावर घरं मागणारे कामगार नि वारस पावणेदोन लाखांच्या आसपास. त्रैराशिक तुम्हीच मांडा. २०१२ पासून सोडती निघाल्या, काहींना लोअर परळला, काहींना शिवडीला, वडाळ्याला घरं लागली. त्यांचं आम्ही अभिनंदनच करतो. पण बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांसाठी नकाशा उघडला गेला. २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन गावातली २,४१७ घरं निघाली. कोन कुठल्या जिल्ह्यात? रायगड. पुढे ८१ हजार घरांची योजना मांडली ती वांगणीला आणि शेलूला. कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की वांगणी येतं, त्याच्या पुढचं स्टेशन शेलू. या दोन स्टेशनांच्या मधून जिल्ह्याची हद्द जाते. वांगणी ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यात. शेलू रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. म्हणजे ज्याने तीस वर्षं परळला साचे चालवले त्याच्या वारसाला शेलूला घर मिळालं की त्याचा कलेक्टर बसणार अलिबागला! मुंबईत घर मागितलं आणि दाद मागायला समुद्राच्या पलीकडे.

इथं आम्हांला एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याचा विपर्यास होईल. वांगणी-शेलूला माणसं राहत नाहीत असं आम्ही म्हणत नाही. तिथं राहणारेही कष्टकरीच आहेत. ज्याला तिथलं घर सोयीचं आहे, ज्याची मुलं त्याच बाजूला कामाला आहेत, त्याने ते जरूर घ्यावं. त्याला कुणी फितूर म्हणू नये. आमचं भांडण आहे ते सक्तीशी. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात बाहेरचं घर नाकारलं तर हक्कच जाईल अशा अर्थाचं कलम होतं, आणि ते कामगाराला सर्वांत जास्त झोंबलं. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर म्हातारी माणसं, विधवा, वारस भर पावसाळ्यात जमले ते याचसाठी. घर मुंबईतच द्या, ही मागणी हट्टाची नाही. जमीन मुंबई शहर जिल्ह्यातली गेली, तर मोबदला दुसऱ्या जिल्ह्यात का? मसुऱ्यातली शेती घेऊन कुणी तुम्हाला चंद्रपुरात जमीन दिली तर घ्याल?

आता आबांच्या अर्जाकडे परत येतो. आबांचे पाच जिल्हे आम्ही कसे जुळवले ते सांगतो. ते इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या उपयोगाचं आहे. पेन्सिल असेल त्याने लिहून घ्यावं.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचं उत्तर एका तारखेत आहे : १ मे १९८१. त्या दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीच्या गिरणीच्या कागदावर रत्नागिरी असणारच, आणि गिरणीने नंतर जुनाच पत्ता उतरवत नेला असेल तर पुढेही असेल. बृहन्मुंबईचं उत्तर : १ ऑक्टोबर १९९०. ठाणे-पालघरचं उत्तर : १ ऑगस्ट २०१४. आबांच्या अर्जाला आम्ही एक साधं निवेदन जोडलं. त्यात या तीन तारखा लिहिल्या, प्रत्येक कागदाचं वर्ष आणि त्यावरचा जिल्हा क्रमाने लिहिला, आणि शेवटी एवढंच म्हटलं की गाव तेच, तालुका तोच, माणूस तोच. सोबत प्रतिज्ञापत्र. नावाचं स्पेलिंग मात्र दोन ठिकाणी वेगळं होतं, ते जिल्ह्यापेक्षा जास्त नडलं. त्याला वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. म्हणून आधी नावं तपासा, मग जिल्हे.

दुसरं. तुमची पात्रता ठरते ती तुम्ही आज कुठल्या जिल्ह्यात राहता त्यावरून नव्हे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होता की नाही, त्यावरून ठरते. तेव्हा नालासोपाऱ्याचा पत्ता दिला तर मुंबईचा हक्क जाईल, या भीतीने खोटा पत्ता कुणी देऊ नये. खोटा पत्ता दिलात तर मात्र खरंच हातात काही राहणार नाही. गिरणीचा ओळखपास, तिकीट नंबर, ई.एस.आय.चं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, हजेरीचा उतारा, जे असेल ते जपा. म्हातारीच्या ट्रंकेत लुगड्याखाली घालून ठेवलेलं असतं. ते बाहेर काढा, त्याच्या प्रती काढा, आणि मूळ कागद कुठल्याही दलालाच्या हातात देऊ नका, मग तो भावकीतला का असेना.

आबांचा अर्ज दुसऱ्या खेपेला घेतला गेला. घर अजून लागलेलं नाही. ते दर सोडतीला विचारतात, आम्ही दर सोडतीला बघून सांगतो.

आता मांडवाच्या उजव्या बाजूला टेबल मांडलंय, तिथं आमची दोन पोरं बसलीत. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी पिशव्या घेऊन रांग लावावी. बायकांची रांग वेगळी, आधी विधवा आणि वयस्कर. कागद गावी नाहीत, मुंबईला आहेत, असे जे असतील त्यांनी नाव, गिरणी, खातं आणि तिकीट नंबर एवढं लिहून द्यावं. दशावतार रात्री आहे, तोवर आम्ही इथून हलत नाही. आबा, तुम्ही पहिले या. तुमच्या कागदांवर बाकीच्यांना दाखवायचं आहे.